‘डिफायंट’चा बुरूज आणि त्यातला रहिवासी

शनिवारी सकाळी साडेनऊ वाजता पिअर्सलांच्या जेवणाच्या टेबलावर पुढील वस्तू होत्या: बाल्सा लाकडाच्या फासळ्या अडतीस, लांब पट्ट्या बावीस, धडाचे आडवे काप चौदा, चाकं तीन, पंखे दोन (त्यातला एक राखीव), इंजिन एक, फिरता बुरूज एक आणि बुरुजात बसायचा माणूस एक, कमरेच्या वर उंची अडीच इंच. एकूण ब्याऐंशी. मुरंब्याची बरणी धरलेली नाही, कारण तिचा विमानाशी संबंध नव्हता. पुढे मुरंबा आठव्या फासळीला लागला, तेव्हा बरणीही धरायला हवी होती असं बर्नार्ड पिअर्सलला वाटलं.

घरात माणसं तीन होती. तिघांत बोलण्याच्या जोड्या तीन होतात, आणि त्यातल्या दोन चालू होत्या. मेव्हिस नवऱ्याशी, म्हणजे बर्नार्डशी, बोलत होती. मेव्हिस आपल्या वडिलांशी बोलत होती. तिचे वडील विल्फ टँडी आणि जावई बर्नार्ड ही तिसरी जोडी तीन आठवड्यांपासून बंद पडली होती, आणि ती बर्नार्डच्याच एका वाक्यानं बंद पडली होती.

ते वाक्य कॉपिस ग्रीनच्या इतिहास मंडळात उच्चारलं गेलं. वुल्व्हरहॅम्प्टनपासून सहा मैलांवरचं हे गाव. युद्धात ‘डिफायंट’ नावाची लढाऊ विमानं वुल्व्हरहॅम्प्टनमध्ये तयार व्हायची, त्यामुळे गावातल्या निम्म्या घरांत त्या विमानाला रिबीट ठोकलेली एखादी आत्या किंवा सासू अजून होती. विमान मोठं विचित्र. पुढं बसून ते चालवणाऱ्या वैमानिकाच्या हाती एकही बंदूक नाही. त्याच्या मागं काचेचा एक फिरता घुमट, घुमटाला नाव मात्र किल्ल्याचं, बुरूज. आणि त्यात कोंबून बसवलेल्या गनरच्या हाती चार बंदुका. शत्रूला हा प्रकार कळेपर्यंत बरं चाललं. कळल्यावर तो पुढून आणि खालून यायला लागला.

बर्नार्डच्या भाषणाचा विषय होता, ‘हे विमान एकआसनी करता आलं असतं का?’ चाळीस खुर्च्या मांडल्या होत्या, चौतीस भरल्या. बर्नार्ड सव्वीस वर्षं शाळेत पदार्थविज्ञान शिकवत होता, म्हणून त्यानं फळा मागून घेतला होता. फळ्यावर त्यानं दोन रकाने आखले: ‘उपयोगी वजन’ आणि ‘निरुपयोगी वजन’. दुसऱ्या रकान्यात लिहिलं: बुरूज, चार बंदुका, गनर.

तिसऱ्या रांगेतून विल्फ टँडी उठले. वय सत्तर. युद्धात दोन वर्षं डिफायंटचे गनर.

“मग मी कुठं बसलो असतो, मास्तर?”

सभागृह हसलं. दुसरा कुणी जावई असता तर तोही हसला असता, आणि ‘तुम्हांला पुढं बसवलं असतं, डॅड’ असं काहीतरी म्हणून त्यानं वेळ मारून नेली असती. पण विचारलेल्या प्रश्नाचं बरोबर उत्तर द्यायचं, ही बर्नार्डची सव्वीस वर्षांची खोड.

“तुम्ही नसतातच, डॅड,” तो म्हणाला.

विल्फनी टोपी घातली आणि ते सव्वा मैल चालत घरी गेले. मोटार बाहेर उभी होती.

तेव्हापासून घरात दुभाषी लागायला लागला. “मेव्हिस, मास्तरांना म्हणावं मीठ इकडं सरकवा.” मीठ बर्नार्डच्या कोपराजवळ असायचं. “मेव्हिस, डॅडना सांग, हे घ्या मीठ.” मेव्हिस म्हणायची, “तुम्ही दोघं आता बिनमिठाचं खायला शिका.” आणि पुढच्या सोमवारी टपालानं लॅन्डुडनोहून एक जाड लिफाफा आला. तिथं समुद्रकाठी माजी सैनिकांसाठी एक आश्रम होता. खोली एकट्याची, खिडकी पाण्याकडे. मे महिन्याच्या शेवटच्या शनिवारी, सकाळी अकराला, त्यांची मिनीबस घ्यायला येणार होती. विल्फनी अर्ज भरला होता, सही केली होती, आणि सुटकेस पलंगाखालून काढून पलंगावर ठेवली होती. तेव्हापासून ती तिथंच होती. विल्फ तिच्या कडेनं अंग चोरून झोपत होते.

“माफी माग,” मेव्हिस म्हणाली.

“कशाची? विधान बरोबर होतं.”

“म्हणूनच माग.”

आता, या देशातला माणूस दिवसातून चाळीस वेळा ‘सॉरी’ म्हणतो. बर्नार्ड ते दारात म्हणायचा, दुकानात म्हणायचा, पाय आपटला की खुर्चीला म्हणायचा. दुसऱ्यानं त्याच्या पायावर पाय दिला, तरी तोच म्हणायचा. पण तो शब्द सुट्या नाण्यासारखा खर्चायची सवय लागली की मोठ्या देण्याच्या वेळी खिशात नुसतीच चिल्लर खुळखुळते. विल्फच्या दारापर्यंत तो तीनदा गेला. तिन्ही वेळा आतून खोकल्याचा आवाज आला, आणि तिन्ही वेळा बर्नार्ड दाराला ‘सॉरी’ म्हणून परत आला.

शेवटी त्यानं त्याला येत होतं ते करायचं ठरवलं. मोजायचं.

विमानाची बाराव्या हिश्शाची प्रतिकृती करायची. खरं इंजिन लावायचं. दोन तारांच्या टोकाला बांधून आपल्याभोवती गोल उडवायची. एकदा बुरूज आणि गनरसकट, एकदा त्यांच्याशिवाय. दहा फेऱ्यांचा वेळ घ्यायचा. फरक किरकोळ निघाला की विल्फना सांगता येईल, डॅड, तुमचं ओझं नव्हतं.

“आणि मोठा निघाला तर?” मेव्हिसनं विचारलं.

“तर मोठा निघाला.”

“बर्नार्ड, हे तू कशासाठी मोजतोयस, ते तुला तरी ठाऊक आहे का?”

“अर्थात,” बर्नार्ड म्हणाला, आणि डिंक शोधायला गेला.

रविवारी टेबलावर मांसाचा रोस्ट यायचा, त्यामुळे ब्याऐंशी वस्तू जिन्यात गेल्या. जिन्यात विल्फनी त्यातल्या दोन फासळ्यांवर पाय दिला. चुकून दिला की मुद्दाम, हे सिद्ध करता येणार नाही. पण पाय फार सावकाश पडला होता. आता शेड हवी, हे उघड झालं.

कुंपणापलीकडे नॉर्मन क्लूली राहायचा. निवृत्त टूलमेकर, म्हणजे यंत्रांची हत्यारं घडवणारा कारागीर, इतिहास मंडळाचा चिटणीस, आणि कुणी जमिनीत काठी जरी रोवली तरी कुंपणावर हजर होणारा माणूस.

“शेड घालतोयस वाटतं?”

“छोटीशीच. सहा बाय आठ.”

“परवानगी?”

“बागेतल्या शेडला कसली परवानगी?”

नॉर्मननं नाकानं दीर्घ श्वास घेतला. “अरे, हा जतन केलेला भाग आहे. मिसेस डॅबचं खुराडं विसरलास? न विचारता घातलं. कौन्सिलनं चार फूट मागं सरकवायला लावलं. कोंबड्यांनी त्या धक्क्यानं अंडी देणं सोडलं, आणि त्यातली एक तर अजून कुणाकडे बघत नाही. अर्ज भर. आणि सगळं खरं लिही. लपवलंस की त्यांना वास येतो.”

खरं लिहायला बर्नार्डला सांगावं लागत नव्हतं. अर्जात ‘कामाचा उद्देश (थोडक्यात)’ अशी चौकट होती. त्यात त्यानं स्वच्छ अक्षरात लिहिलं: ‘डिफायंट मूळ दोघांसाठी बांधलेलं आहे. मागचा बुरूज आणि त्यातला इसम काढून टाकून ते एकट्याच्या वापरासाठी करता येईल का, हे तपासायला जागा हवी.’

विमान हा शब्द त्यात कुठंही नव्हता. डिफायंट म्हणजे विमान, हे कॉपिस ग्रीनमध्ये सांगणं बर्नार्डला ‘पाणी ओलं असतं’ असं सांगण्यासारखं वाटलं. पण कौन्सिलची नवी कचेरी अकरा मैलांवर होती आणि तिथली माणसं तरुण होती. शिवाय कॉपिस ग्रीनमध्ये घरांना आकडे नव्हते, नावं होती. बर्नार्डचं घर ‘द लार्चेस’. आवारात लार्चचं एकही झाड नाही. नॉर्मनचं ‘सी व्ह्यू’. समुद्र ऐंशी मैल. अशा गावात एखाद्या घराचं नाव ‘डिफायंट’ असायला काहीच हरकत नव्हती.

नऊ दिवसांनी पत्र आलं. ‘डिफायंट’ या वास्तूची आमच्याकडे नोंद नाही, ही गंभीर बाब आहे. जतन केलेल्या भागातल्या बुरुजाला पाहणी होईपर्यंत हात लावू नये. शेडबद्दल पत्रात अवाक्षर नव्हतं.

बर्नार्डनं कचेरीत फोन केला.

“बुरूज किती उंच आहे, सर?” पलीकडच्या माणसानं विचारलं.

“तीन इंच.”

“तीन मीटर?”

“इंच. तो काचेचा आहे. म्हणजे प्लॅस्टिकचा. आणि फिरतो.”

पलीकडे कागदावर पेन चाललं. “कुठल्या बाजूला फिरतो?”

“सगळ्या. हे पाहा, ते विमान आहे.”

“विमानांचं आमच्याकडे येत नाही, सर. बुरुजांचं येतं.”

“सॉरी,” बर्नार्ड म्हणाला. फोन ठेवल्यावर आपण हे का म्हणालो याचा त्यानं बराच वेळ विचार केला.

शेड न मिळाल्यामुळे विमान जेवणाच्या टेबलावरच आकार घेत राहिलं, रविवार वगळून. बुरूज बसवायला एक कडं हवं होतं. नॉर्मनकडे घरी धातू कातायचा लेथ होता. बर्नार्डनं ॲल्युमिनियमच्या हलक्या कड्याचं चित्र काढून दिलं. तीन दिवसांनी नॉर्मन मखमलीच्या तुकड्यात गुंडाळून कडं घेऊन आला. कडं पितळेचं होतं.

“ॲल्युमिनियम हा भांड्यांचा धातू,” नॉर्मन म्हणाला. “हे बघ. इंचाच्या हजाराव्या भागाचा फरक सापडला तर माझं नाव बदल.”

कडं अप्रतिम होतं. वजन पाच औंस होतं. एवढं ओझं मागं घातलं की विमानाची शेपटी जमिनीवर बसणार, आणि विमान घोड्यासारखं मागच्या पायांवर उभं राहणार. ‘हे चालणार नाही’ एवढे तीन शब्द बोलायचे होते. बर्नार्ड म्हणाला, “वा! फारच सुरेख.”

नॉर्मनचे डोळे पाणावले. शुक्रवारी त्यानं दुसरं कडं आणून दिलं, राखीव म्हणून.

तेव्हा तोल साधण्यासाठी बर्नार्डनं इंजिनाखाली, विमानाच्या नाकात, शिसं ओतलं आणि ते पक्क्या गोंदानं असं बसवलं की आता फोडल्याशिवाय निघालं नसतं. बुरूज, कडं आणि माणूस मिळून सात औंस. शास्त्राच्या दृष्टीनं सगळाच विचका झाला होता, हे त्याला कळत होतं. ज्याचं ओझं नव्हतं असं दाखवायचं, त्याचंच ओझं त्यानं दुप्पट करून ठेवलं होतं.

दुसरं पत्र कौन्सिलच्या घरकुल विभागाकडून आलं. बुरुजात राहणाऱ्या इसमाला त्याच्या मर्जीविरुद्ध काढून दोघांचं घर एकट्याचं करण्याचा तुमचा इरादा दिसतो. असं करता येत नाही. आमच्या अधिकारी मिस थ्रॉसल गुरुवारी रहिवाशाला भेटतील.

मेव्हिसनं हे न्याहारीला मोठ्यानं वाचलं आणि हसू आवरायला चहा प्यायली.

“मेव्हिस,” विल्फ म्हणाले, “ते पत्र जरा इकडं दे.” त्यांनी ते तीनदा वाचलं, घडी घातली आणि खिशात ठेवलं. मग अंडं फोडताना त्यांनी शीळ घातली. घरात पाच-सहा आठवड्यांत कुणी शीळ घातली नव्हती.

गुरुवारी सव्वाचारला बर्नार्ड शाळेतून आला, तेव्हा बैठकीत त्याच्या खुर्चीवर पंचविशीतली एक बाई पाय जुळवून बसली होती, आणि विल्फ तिला तिसरं बिस्किट आग्रहानं देत होते.

“या, बसा मिस्टर पिअर्सल,” मिस थ्रॉसल त्याच्याच घरात त्याला म्हणाली. “मी मिस्टर टँडींशी बोलले. तुम्ही यांना काढताय.”

“यांना नाही. म्हणजे काढतोय, पण दुसऱ्याला. तो अडीच इंचांचा आहे.”

“निरुपयोगी वजन,” विल्फ छताला म्हणाले. “फळ्यावर लिहिलं होतं. चौतीस साक्षीदार आहेत. नॉर्मन क्लूलीला विचारा, त्यानं तर इतिवृत्तात घेतलंय.”

मिस थ्रॉसलनं लिहून घेतलं. बर्नार्ड आत जाऊन विमान घेऊन आला. ते बघून ती बाई गडबडली नाही, हे तिला शोभलं. तिनं पर्समधून टेप काढली. “बुरूज. उंची तीन इंच. फिरतो.” तिनं बोटानं फिरवून पाहिला. “रहिवासी?”

“हा आतला.”

“हे मिस्टर टँडी?”

“नाही,” बर्नार्ड म्हणाला. “म्हणजे... हो.”

विल्फ खुर्चीतून पुढं वाकले. त्यांनी ते विमान जवळून प्रथमच पाहिलं. आतल्या माणसाला मिशी होती, आणि गळ्यात हिरवा मफलर होता, एका टोकाची वीण सुटलेला. फायरप्लेसवर विल्फचा युद्धातला फोटो होता, पण त्यातला मफलर काळापांढरा होता. तो हिरवा होता, हे तो विणणाऱ्या आईनं कधी मेव्हिसला सांगितलेलं असणार, आणि मेव्हिसनं कधीतरी बर्नार्डला. सुटलेली वीण बर्नार्डनं भिंगाखाली, सुईच्या टोकानं रंगवली होती. विल्फ बघत राहिले.

इथं सगळं मिटलं असतं. पण फॉर्म अजून उरला होता.

“एकच प्रश्न,” मिस थ्रॉसल म्हणाली. “मिस्टर टँडींनी या घरात राहावं असं तुम्हांला वाटतं का? हो किंवा नाही. चौकट लहान आहे.”

बर्नार्डच्या मनात ‘हो’ होतं. ते जिभेपर्यंत आलंही. पण जिभेवर सव्वीस वर्षांचा एक शिक्षक बसला होता, आणि पुरावा हातात नसताना निष्कर्ष लिहायची त्याला सक्त मनाई होती.

“ते प्रयोगानंतर सांगता येईल,” बर्नार्ड म्हणाला.

दारात मेव्हिसच्या हातातली कपबशी वाजली.

“लिहा बाई,” विल्फ मागं टेकत म्हणाले. “तेच लिहा. प्रयोगानंतर.”

मिस थ्रॉसलनं लिहिलं. बुरूज काढण्यापूर्वीची आणि काढल्यानंतरची पाहणी रहिवाशासमक्ष झाल्याशिवाय फाइल बंद होत नाही, असं तिनं सांगितलं. पाहणी शुक्रवारी साडेचारला, गावच्या मैदानावर ठरली. शनिवारी अकराला मिनीबस होती.

त्या संध्याकाळी मेव्हिसनं बर्नार्डसमोर ताट ठेवलं आणि स्वतःचं ताट घेऊन वडिलांच्या खोलीत गेली. आता चालू जोडी एकच उरली. बर्नार्डनं वही उघडून शक्य ते निकाल मांडले. फरक मोठा निघाला: विल्फ ओझं होते. फरक नाही निघाला: विल्फ असले-नसले सारखेच. बुरूज काढल्यावर विमान मंदावलं: प्रयोग चुकला. आणखी निकाल शक्य नव्हता. तिन्ही ओळींच्या शेवटी मिनीबस होती. त्यानं वही मिटली, परत उघडली, आणि ओळी पुन्हा मोजल्या. तीनच होत्या.

शुक्रवारी वारा नव्हता, ही एक गोष्ट सरळ झाली. विल्फ घडीच्या खुर्चीत टोपी घालून बसले. स्टॉपवॉच मिस थ्रॉसलकडे, कारण ती तटस्थ. नॉर्मन दोन्ही खिशांत हात घालून, एका खिशात राखीव कडं. मेव्हिस थर्मास घेऊन सगळ्यांपासून सारख्या अंतरावर.

पहिलं उड्डाण, बुरूज आणि गनरसह. इंजिन पेटलं, ईथरचा वास सुटला, नॉर्मननं सोडलं आणि विमान उठलं. मधोमध उभा बर्नार्ड तारा धरून गरगर फिरत होता. चौथ्या फेरीला त्याला मैदान तिरकं दिसायला लागलं, सातव्या फेरीला दोन मेव्हिस दिसल्या आणि दोघीही रागावलेल्या होत्या. दहा फेऱ्या पुऱ्या झाल्या. विमान उतरलं, आणि बर्नार्ड गवतावर बसला.

“एकेचाळीस पूर्णांक सहा सेकंद,” मिस थ्रॉसलनं जाहीर केलं.

मग सर्वांसमक्ष बुरूज काढला गेला. कडं काढलं. अडीच इंचांचा माणूस काढून बर्नार्डनं इकडंतिकडं पाहिलं. त्याला कुठं ठेवावं हे त्याला कळेना. शेवटी त्यानं तो विल्फच्या खुर्चीच्या हातावर ठेवला. भोकावर गुळगुळीत झाकण बसलं. आता ते खरंच एकआसनी दिसत होतं, आणि देखणं दिसत होतं.

दुसरं उड्डाण. विमान जेमतेम उठलं. बर्नार्डनं तार ओढली, आणखी ओढली, पण त्याचं नाक काही वर येईना. अर्ध्या फेरीत ते नाकावर मैदानात घुसलं आणि शेपटी आकाशाकडे करून तसंच उभं राहिलं.

“ही झाली काढल्यानंतरची पाहणी?” मिस थ्रॉसलनं हळूच विचारलं.

बर्नार्ड विमानाजवळ जाऊन गुडघ्यांवर बसला. पंखा मोडला होता, बाकी सगळं धड होतं. काय झालं हे त्याला दिसत होतं. मागचं वजन काढलं, आणि नाकातलं शिसं तसंच राहिलं. तिसरीतल्या पोराला कळेल अशी चूक. सव्वीस वर्षं त्यानं मुलांना सांगितलं होतं, एका वेळी एकच गोष्ट बदला. आता शिसं निघणार नव्हतं, निकाल लागणार नव्हता, आणि उद्या शनिवार होता.

“पुढं जड झालंय.”

बर्नार्डनं वर पाहिलं. हे वाक्य मेव्हिसला उद्देशून नव्हतं.

“पुढं जड झालंय, मास्तर,” विल्फ म्हणाले. “मी आजारी असलो की आमच्यातही हे व्हायचं. गनर नसेल त्या दिवशी माझ्या जागी वाळूच्या पिशव्या बांधायचे. भटारखान्याच्या काट्यावर मला तोललं होतं त्यासाठी. माझ्याएवढी वाळू. त्याशिवाय आमचा वैमानिक वर जायलाच तयार नसायचा. म्हणायचा, तू नाहीस तर निदान तुझं वजन तरी मागं असू दे.”

“सात औंस हवं,” बर्नार्ड म्हणाला.

नॉर्मननं खिशातून राखीव कडं काढलं. आयुष्यात एवढा अभिमान त्याच्या चेहऱ्यावर कुणी पाहिला नव्हता. पाच औंस. दोन कमी. विल्फनी कोटाच्या खिशातून पेपरमिंटच्या गोळ्यांची कागदी पिशवी काढली आणि बर्नार्डनं सोबत आणलेल्या, पत्रं तोलायच्या छोट्या काट्यावर एकेक गोळी टाकली. सोळा गोळ्यांना काटा दोन औंसांवर आला. सतरावी त्यांनी तोंडात टाकली.

राखीव पंखा लागला. बुरुजाच्या जागी कडं आणि गोळ्या बसल्या, वर झाकण बसलं. तिसरं उड्डाण. विमान उठलं, दहा फेऱ्या फिरलं, उतरलं. बर्नार्ड परत गवतावर बसला.

“एकेचाळीस पूर्णांक चार,” मिस थ्रॉसल म्हणाली.

“आणि तुमच्या अंगठ्याची चूक किती धरायची?”

“माझ्या अंगठ्याची?” तिनं विचार केला. “दोन-तीन दशांश असेल.”

बर्नार्डनं वहीत लिहिलं. फरक शून्य पूर्णांक दोन. चुकीच्या मर्यादेत. म्हणजे फरक नाही. वहीतली मधली ओळ.

“काय निघालं?” विल्फनी विचारलं.

“वेगात फरक नाही, डॅड.”

विल्फनी खुर्चीच्या हातावरचा माणूस उचलला आणि त्याचा मफलर अंगठ्यानं पुसला. “हं. म्हणजे मी असलो काय, नसलो काय.”

हेच ते. हेच वाक्य त्यानं गुरुवारी लिहून ठेवलं होतं. त्याच्या शेवटी मिनीबस होती. बर्नार्डनं वहीकडे पाहिलं. वर पहिल्या उड्डाणाची ओळ, खाली तिसऱ्याची, आणि मध्ये दुसऱ्याची, प्रयोग फसला म्हणून खोडायला काढलेली, अजून न खोडलेली एक ओळ.

“नाही,” तो म्हणाला. “तुम्ही असलात तर दहा फेऱ्या. तुमच्या जागी तुमच्याएवढं काही ठेवलं तर दहा. तुम्ही नसलात आणि जागा रिकामी राहिली, तर अर्धी.”

नाकातलं शिसं सर्वांना माहीत होतं असं नाही. नॉर्मनला माहीत होतं. त्यानं तोंड उघडलं. “पण बर्नार्ड, ते शिसं जर...”

मेव्हिसनं त्याच्या पायावर पाय दिला. “सॉरी,” नॉर्मन म्हणाला.

बर्नार्डनं आयुष्यात प्रथमच एका निकालाखाली तळटीप लिहिली नाही. विल्फनी त्याच्याकडे पाहिलं, मग विमानाच्या नाकाकडे पाहिलं, मग परत त्याच्याकडे. दोन वर्षं बुरुजात बसलेल्या माणसाला विमानाचं नाक कशानं जड होतं, हे कळत नसेल असं नाही.

“मी दोन वर्षं पाठमोरा उडलो, मास्तर,” ते म्हणाले. “कुठं जातोय ते कधी दिसलं नाही. कुठून आलो तेवढंच दिसायचं.”

“माझी चौकट अजून रिकामी आहे,” मिस थ्रॉसल म्हणाली. “‘प्रयोगानंतर’ लिहिलंय. प्रयोग झाला.”

“हो,” बर्नार्ड म्हणाला.

“हो म्हणजे झाला, की हो म्हणजे हो?”

“हो म्हणजे हो.”

तिनं चौकटीत खूण केली. विल्फ उठले, खुर्ची घडी केली आणि चालायला लागले. अडीच इंचांचा माणूस त्यांच्या खिशात होता. घरी आल्यावर त्यांनी खोलीचं दार लावून घेतलं. सुटकेस पलंगावर होती की नव्हती, हे बर्नार्डला दारातून दिसलं नाही. मेव्हिसला विचारायचं धाडस झालं नाही. रात्रीच्या जेवणात कुणी मीठ मागितलं नाही. आपण खोटं बोललो, आणि तेही उपयोगी पडलं नाही, अशा समजुतीत तो झोपला.

शनिवारी लॅन्डुडनोची मिनीबस अकरा वाजून चार मिनिटांनी ‘द लार्चेस’समोर थांबली. तिच्यात चालक धरून पाच माणसं होती. ती अकरा वाजून नऊ मिनिटांनी निघाली. तिच्यात चालक धरून पाच माणसं होती.